बडे भाईंची पट्टी

आमच्या गल्लीत मी काय काम करते हे अजून कुणाला नीट सांगता आलेलं नाही, मला धरून. बिझनेस अ‍ॅनालिस्ट म्हटलं की समोरचा म्हणतो, "अच्छा, शेअर मार्केट." एकीला तर मी रक्त-लघवी तपासते असं वाटत होतं, आणि तिनं मला साखरेचं विचारलं होतं. खरं काम साधं आहे. धंदा करणाऱ्याला आपली अडचण कळते, पण ती सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला समजेल अशी सांगता येत नाही. मी दोघांच्या मधे बसते, प्रश्न विचारते, काम कुठून सुरू होतं, कुणाच्या हातून कुठं जातं, कुठं अडतं, त्याचं चित्र काढते. नवरा शेतकऱ्याच्या घरचा. तो म्हणतो, "आडत्याच की तू. फक्त आडत्या माल बघतो, तू माणसं बघून राह्यलीस." तेव्हा मी हसायचे.

पुण्यातली बरीच वर्षं झाल्यावर कंपनीनं घरून काम करू दिलं आणि आम्ही जालन्याला परत आलो. नवऱ्याची नोकरी बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात, त्यामुळे त्याला रोजचं जाणं-येणं सोयीचं. मस्तगड भागात वरच्या मजल्यावर घर मिळालं. खाली दोन भावांचं बिछायत केंद्र होतं. लग्नाचे मंडप, खुर्च्या, गाद्या, कनाती, स्वयंपाकाची मोठाली पातेली, सगळं भाड्यानं मिळायचं. सकाळी माझी पहिली मीटिंग सुरू व्हायची तेव्हा खाली टेम्पोत खुर्च्या चढत असायच्या, आणि पुण्यातले लोक विचारायचे, मॅडम, तुमच्याकडे काय पडतंय? मी म्हणायचे, काही नाही, लग्नसराई.

मीटिंगमध्ये मात्र वेगळंच काही पडायची वेळ आली होती. कंपनीनं एक नवं टूल आणलं. बैठकीचं रेकॉर्डिंग त्याला दिलं की चहाचा कप संपायच्या आत ते असं डॉक्युमेंट पुढ्यात टाकायचं, जे लिहायला मला आठवडा लागायचा. मी ते डोळ्यांत तेल घालून वाचायचे आणि चूक सापडली की मला आनंद व्हायचा. असा आनंद चांगल्या माणसाला होऊ नये, पण व्हायचा. माझा मॅनेजर माझ्याहून पुष्कळ लहान, बोलायला गोड. तो दर सोमवारी सांगायचा की टीम लहान होणार आहे, काळजीचं कारण नाही, फक्त सगळ्यांनी शिकत राहायचं. ज्याच्या हातात नोकरी असते त्यानं 'काळजीचं कारण नाही' म्हटलं की मी नोकरीच्या जाहिराती चाळायला लागते. पुण्यात घेतलेल्या घराचे हप्ते चालू होते, मुलगी बारावीला होती, आणि पंचेचाळिशीनंतर जालन्यात बसून दुसरी अशी नोकरी मिळणं म्हणजे वाळूतून तेल काढणं.

म्हणून मी एक ऑनलाइन कोर्स घेतला. प्रक्रियेचं विश्लेषण, नव्या पद्धतीनं. शाळकरी पोरीसारखी हायलायटर घेऊन बसायचे. कोर्सच्या शेवटी एक प्रकल्प होता: आपल्या आसपासचा एखादा खरा, छोटा धंदा निवडा, तिथल्या माणसांशी बोला, काम आज कसं चालतं ते काढा, आणि ते सुधारायचं कसं ते सांगा. मला दूर जायची गरजच नव्हती. धंदा पायाखालीच होता.

दोघं भाऊ. धाकट्याला सगळी गल्ली छोटे भाई म्हणायची, थोरल्याला बडे भाई. छोटे भाई सकाळी गोदाम उघडायचे ते रात्री बंद करेपर्यंत पायाला भिंगरी लावल्यासारखे. फोन घेणं, तारीख बघणं, टेम्पो पाठवणं, परत आलेल्या खुर्च्या मोजून घेणं, तुटलेल्यांची भरपाई मागणं, सगळं तेच. मागच्या खोल्यांत घर होतं, आणि त्यांची बायको, आमची भाभी, गाद्यांच्या खोळी धुवून शिवून ठेवायची. बडे भाई साठीच्या आसपासचे. बायको जाऊन वर्षं झालेली, मुलगा नाही, एकच मुलगी, ती अंबडला दिलेली. ते दुकानाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसायचे. पांढरा कुर्ता, दाढीला मेंदी. गिऱ्हाईक आलं की उठून खुर्ची द्यायचे, समोरच्या हॉटेलातून चहा मागवायचे, आणि विचारायचे, लग्न मुलीचं की मुलाचं, सोयरीक कुठली, पाहुणे किती दिवस राहणार. हे होईस्तोवर छोटे भाई मागे हातातलं काम आटपून यायचे आणि मग तारीख ठरायची.

बडे भाई करतात काय, हा प्रश्न गल्लीत कुणी विचारत नव्हतं. विचारायची पद्धतच नाही. आमच्याकडे, बदनापूरजवळच्या माझ्या माहेरच्या खेड्यात, असेच एक चुलते होते. पारावर बसायचे, घरी जेवायचे, आणि वाटणीत त्यांचा हिस्सा बाकीच्यांइतकाच धरलेला. त्यांच्यावरून आईनं कधी भांडी आपटली नाहीत, आणि आई तशी कशावरूनही भांडी आपटणारी. एकत्र घरात कोण किती करतं ते मोजायचं नसतं हे मला दुधाच्या दातांपासून माहीत होतं. म्हणून मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही.

प्रकल्पासाठी मी आठवडाभर खाली जाऊन बसले. भाभीनं स्टुलावर उशी ठेवली. बडे भाई रोज माझ्यासाठी चहा मागवायचे आणि माझ्या वहीत डोकावून म्हणायचे, "लिहा ताई, लिहा. आमच्या धंद्यावर कुणी अभ्यास करून राह्यलं, अब्बांच्या वक्तापासून असं कधी झालं न्हाई." त्यांना फार अभिमान वाटत होता. येणाऱ्या गिऱ्हाइकाला ते माझी ओळख करून द्यायचे, ह्या ताई कंपनीत मोठ्या साहेब आहेत आणि आमच्या दुकानाचं पुस्तक लिहून राहिल्या आहेत.

मी काढत होते ते पुस्तक नव्हतं. आमच्या धंद्यात त्याला स्विमलेन म्हणतात. पोहण्याच्या तलावात दोऱ्या बांधून पट्ट्या पाडतात ना, तसं कागदावर करायचं. प्रत्येक माणसाची एक आडवी पट्टी. तो माणूस जे काम करतो ते त्याच्या पट्टीत चौकोन काढून लिहायचं, आणि काम एकाकडून दुसऱ्याकडे गेलं की बाण. मग प्रत्येक चौकोनाला रंग. ज्यानं गिऱ्हाइकाला काही मिळतं तो हिरवा. ज्यात नुसता वेळ जातो तो पिवळा. चित्र पूर्ण झालं की तान्ह्या पोरालाही दिसावं, कुठं गर्दी आहे आणि कुठं सामसूम.

छोटे भाईंची पट्टी चौकोनांनी गच्च भरली होती. भाभीची पट्टी तिला वाटत होतं त्याहून भरली, आणि तिनं ती बघून पदर तोंडाला लावला. बडे भाईंच्या पट्टीत एक चौकोन होता. त्यात मी 'स्वागत' लिहिलं होतं आणि तो पिवळा रंगवला होता, कारण बाण गिऱ्हाइकाकडून निघून त्यांच्याकडे जायचा आणि तसाच परत यायचा. त्यापुढे पट्टी मोकळी, कागदाच्या टोकापर्यंत.

कोर्समध्ये शिकवलं होतं की चित्र काढून झालं की ते संबंधित सगळ्यांना एकत्र बसवून दाखवा, म्हणजे चुका कळतात. मी तसंच केलं. मोठा कागद छापून आणला आणि एका दुपारी दुकानात गादीवर अंथरला. छोटे भाई, भाभी, बडे भाई, सगळे भोवती. मी लाडानं समजावून सांगत होते, हे तुम्ही, हे तुम्ही. बडे भाईंना उर्दू चांगलं यायचं, मराठी अक्षर लावून लावून वाचायचे. ते खाली वाकून म्हणाले, "ह्याच्यात मी कुठंय, ताई?"

मी बोट ठेवलं. त्यांनी 'स्वागत' वाचलं. मग त्या पट्टीवरून बोट पुढं पुढं नेलं, सावकाश, शेवटपर्यंत. कागद संपला तेव्हा बोट गादीवर गेलं. "बराबर," ते म्हणाले, आणि चहा सांगायला उठले. मला वाटलं, झालं, मंजुरी मिळाली. आमच्या कामात त्याला साइन-ऑफ म्हणतात. पाहुण्यानं आपल्या घरात बसून काही सांगितलं तर त्याला तोंडावर 'चूक' म्हणायचं नाही, ही आपल्याकडची रीत मला ठाऊक नव्हती का? होती. पण मला साइन-ऑफ हवा होता.

छोटे भाई कागदावरून नजर काढेनात. ते हलक्या आवाजात म्हणाले, "ताई, ह्याची एक कापी मला मिळेल का?" मला इतका आनंद झाला की मी तोच कागद त्यांना देऊन टाकला. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्याही गिऱ्हाइकानं माझं चित्र मागून घेतलं नव्हतं. साहेब लोक मान डोलवायचे आणि पुढची स्लाइड म्हणायचे.

सुधारणा सुचवायच्या होत्या, त्याही मी सुचवल्या. फोनवर एक साधा फॉर्म करून दिला: तारीख, ठिकाण, काय काय हवं. लिंक पाठवली की गिऱ्हाईक घरबसल्या भरणार. त्या फॉर्मनं कमाल केली. लोक घनसावंगीहून, परतूरहून खेटे न घालता बुकिंग करायला लागले. छोटे भाईंचा फोन वाजायचा थांबला. ते एकदा जिन्यात भेटले तर हात जोडून म्हणाले, "ताई, पहिल्यांदा टाइमावर जेवलो." मी घरी येऊन हे नवऱ्याला दोनदा सांगितलं.

माझा प्रकल्प कोर्समध्ये पहिला आला आणि नावाजला गेला. मॅनेजरनं तो सगळ्या टीमला दाखवला. "टूलला हे जमणार नाही," तो म्हणाला, "माणसांत जाऊन बसणं. हे आहे रेलेव्हंट राहणं." पडद्यावर बडे भाईंची मोकळी पट्टी चमकत होती आणि मी नव्या नवरीसारखी मान खाली घालून कौतुक ऐकत होते. पुढं टीम लहान झाली. माझ्याबरोबरच्या काही जणांना निरोपाचे मेल आले. मला आला नाही.

त्याच सुमारास दुकानाच्या तोंडाशी खुर्ची दिसेनाशी झाली. आधी मला वाटलं, ऊन आहे म्हणून आत घेतली असेल. मग बडे भाई गोदामात, घडी केलेल्या कनातींच्या शेजारी बसलेले दिसले. तिथं गिऱ्हाईक येत नाही. मी विचारलं, "इथं का?" तर म्हणाले, "छोटा म्हणला, भाईजान, तुम्ही आराम करा. मंग आराम करून राह्यलो." ते हसून म्हणाले. मीही हसले आणि वर गेले, कारण माझी मीटिंग होती.

काही दिवसांनी ते तिथंही दिसले नाहीत. भाभीला विचारलं तर तिनं शिवण खाली ठेवलं. म्हणाली, भांडण झालं नाही, आवाज झाला नाही. छोट्यांनी तो कागद भिंतीला लावला होता, कामाच्या सोयीसाठी. दोघं एका रात्री जेवायला बसले होते आणि छोटे एवढंच म्हणाले की पोरं मोठी होऊन राहिली, आता हिशेब वेगळा करू या. बडे भाईंनी भिंतीकडं बघितलं आणि म्हणाले, बराबर. दुसऱ्या दिवशी ते कपड्यांची पिशवी घेऊन मुलीकडं अंबडला गेले. "लेकीच्या सासरी कुणी राहतं का, ताई?" भाभी म्हणाली. "ते तर तिकडं पाणी बी प्यायचे न्हाई."

मी जिना चढून वर आले आणि गच्चीत उभी राहिले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ इतकी वर्षं त्या घरानं झाकून ठेवली होती, गल्लीनं झाकून ठेवली होती. मी गेले, बोटं एकेक करून उघडली, आणि आत काही नाही हे रंगीत छापून दाखवलं. कशासाठी? मार्कांसाठी.

दुसऱ्या दिवशी मी छोटे भाईंना गाठलं. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. कनातींचे बांबू खांद्यावरून वाहून त्यांची मान एका बाजूला वाकडी झाली आहे, आणि ती वाकडी होत असताना कुणी चित्र काढलं नव्हतं. मी म्हणाले, "भाई, तो कागद माझ्या अभ्यासाचा होता. शाळेच्या गृहपाठासारखा. त्यावर घर मोडायचं नसतं."

ते म्हणाले, "मंग तो चुकीचा होता का, ताई?"

इथं मला 'हो' म्हणता आलं असतं. 'हो, चुकला माझा, बडे भाईंचं काम मला कागदावर मांडता आलं नाही.' एवढंच म्हणायचं होतं. छोटे भाईंनी मानलं असतं, बहुतेक त्यांना मानायचंच होतं, ते माझ्या तोंडाकडे तशाच डोळ्यांनी बघत होते. पण त्या प्रकल्पाला पहिला नंबर मिळाला होता. त्यातल्या बाणान् बाणाची मला खात्री होती. मी म्हणाले, "चुकीचा नव्हता, पण..."

"मंग बराबर होतं," ते म्हणाले, आणि खुर्च्या मोजायला लागले.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला खोटं बोलता आलं न्हाई का खरं सोडता आलं न्हाई?" मी त्याच्यावर चिडले. पोळ्या करपल्या, त्याचाही राग त्याच्यावरच काढला. तो ताटावरून उठला नाही, करपलेली पोळी मुकाट्यानं खाल्ली, आणि त्यानं मला जास्तच राग आला.

मग मी एक उद्योग केला. मनाशी म्हटलं, मी अ‍ॅनालिस्ट आहे ना, मग जे दिसत नाही ते शोधून काढणं हेच माझं काम. बडे भाईंचं असं काहीतरी काम असणारच जे माझ्या नजरेतून सुटलं. लोक त्यांच्यासाठी येत असतील, त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवत असतील. ते सापडलं की मी नवा कागद काढीन आणि छोट्यांपुढं आपटीन. जुनी गिऱ्हाइकं गाठली. भाजीबाजारात, बँकेत, एका हळदीच्या मांडवात. सगळे म्हणाले, बडे भाई? लाख माणूस. मी विचारायचे, तुम्ही त्यांच्यामुळेच त्या दुकानात जात होता ना?  एक म्हणाले, "न्हाई, घरापासून जवळ पडतं." एक बाई म्हणाली, "चहा लई पाजायचे हो. उशीर व्हायचा. आता फोनवर जल्दी होतं." एकजण म्हणाला, छोटा आहे म्हणून माल वेळेवर येतो. मी खोदून खोदून विचारलं, उत्तर तोंडात कोंबायचं तेवढं बाकी ठेवलं. काही निघालं नाही. माझं चित्र बरोबर होतं. बडे भाई खरंच काही करत नव्हते. त्यांना तिथं बसायचा हक्क होता, एवढंच होतं, आणि हक्काचा चौकोन काढायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

अपराधीपणाचं एक आहे. तो कामाच्या आड येत नाही. मी रोज मीटिंगा करत होते, दुसऱ्या टीमच्या लोकांना स्विमलेन शिकवत होते, आणि उदाहरण म्हणून तेच चित्र वापरत होते, कारण ते सगळ्यांना पटकन समजायचं. फक्त शिकवताना त्या पट्टीवर आले की माझा कर्सर घाईनं पुढं जायचा.

उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी दारावर टकटक झाली. बडे भाई. अंबडच्या एसटीनं आले होते, कुर्त्यावर धूळ, हातात मोसंब्यांची पिशवी. वाळले होते. मी खाली छोट्यांना हाक मारायला निघाले तर म्हणाले, "न्हाई न्हाई. तुमच्याकडंच आल्तो. खाली मंग जाईन." मी पंखा लावला, पाणी दिलं. त्यांनी खिशातून एक फोन काढला, जावयाचा जुना. दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही ह्या उमरीत बी शिकून राह्यल्या. मी खाली बसून बघायचो, तुमची बत्ती जळत राहायची. मला बी काही शिकवा. लई मोठं न्हाई. त्या कागदावर माझ्या पट्टीत लिहिता येईल असं."

 'मी अजून शिकतेच आहे', हे सोमवारच्या मीटिंगांत मॅनेजरला म्हटलेलं माझंच वाक्य मला ऐकू येत होतं. मी म्हणाले, "शिकवते." नाही कसं म्हणणार होते?

ते आठवड्यातून एक-दोनदा यायला लागले. दुपारी, छोटे भाई टेम्पोबरोबर बाहेर असतील अशी वेळ बघून. मी त्यांना बुकिंगचा फॉर्म शिकवायला घेतला, कारण दुकानाचं तेवढंच एक काम फोनवर होतं. बोट जाड, पडद्यावर नेमकं पडायचं नाही. तारखेच्या जागी पत्ता यायचा. मी चिडायचे. "अहो, आत्ताच सांगितलं ना," म्हणायचे. मग ते "माफ करा" म्हणायचे आणि मला माझ्या मॅनेजरचा गोड आवाज आठवायचा, नवं टूल मला तिसऱ्यांदा दाखवताना तो कसा थांबून श्वास घ्यायचा ते. शिकवताना एक गोष्ट मी बडे भाईंना सांगितली नाही. तो फॉर्म गिऱ्हाईक स्वतः भरतं. त्याला कुणी माणूस लागत नाही. म्हणून तर मी तो केला होता.

पण ते शिकले. पावसाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एक खोटं बुकिंग न चुकता भरलं. लग्न कुणाचं, तर त्यांनी आपल्याच नातीचं लिहिलं, ती सहा वर्षांची. त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "आता नवा कागद काढा, ताई. छोट्याला दाखवू."

मी कागद काढला. हातानंच, पेन्सिलनं. छोटे भाईंची पट्टी, भाभीची पट्टी, बडे भाईंची. त्यांच्या पट्टीत मी एक चौकोन काढला आणि 'बुकिंग' लिहिलं. मग हिरवा रंग घेतला आणि भरायला लागले. नोकरीत मी पुष्कळ गोड बोलले आहे, पण कागदावर खोटा चौकोन कधी काढला नव्हता. तरी रंगवत होते.

बडे भाई बघत होते. हळूच म्हणाले, "ताई, पण हे तर फोनच करतो ना? लोक भरतात, आणि छोट्याच्या फोनवर जातं."

त्यांना कळायला नको होतं. मी इतकी वाईट शिक्षिका असूनही त्यांना कळलं होतं.

मी पेन्सिल खाली ठेवली.  मी म्हणाले, "भाई, माझंही काम आता मशीनच करतं. कंपनीनं काहींना काढलं, मला ठेवलं. ते तुमच्या कागदामुळे. तुमची मोकळी पट्टी मी तिथं दाखवली, आणि माझी नोकरी राहिली." एवढं बोलले आणि त्यांच्याकडे बघायची हिंमत होईना. ते उठून जातील, निदान एक शब्द तरी बोलतील, असं वाटत होतं. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यांनी हातातला फोन खाली ठेवला. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे मुलीचं शिकणं चालू हाय?"

"हो."

"घराचं बी?"

"हो, भाई."

"मंग मी तिथं बसून एवढं काम तर केलं की." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला, त्या पट्टीवर बोट ठेवलं. आवाजात टोमणा नव्हता, मी शोधला. ते खरोखर खूश झाले होते. "हे लिहा. तो बुकिंग खोडा आणि हे लिहा."

मी खोडलं. ते माझ्या हाताकडे बघत वाट पाहत होते, म्हणून मला लिहावं लागलं: 'ताईंची नोकरी राहिली.' त्यांनी ते अक्षर लावून लावून वाचलं, मान हलवली, आणि हिरवा रंग उचलून माझ्या हातात दिला.